उसाच्या गाड्यांना मागं जुन्या सीडी : उपाय की मनाचं समाधान?

माळकरी_कोपरगाव
साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की दिवस मावळल्यावर फाट्यावरून जाणं म्हणजे जीव मुठीत. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस मागं हातभर लोंबतोय, टेललाइट असलीच तरी त्याखाली झाकलेली. बैलगाडीला तर काहीच नाही. घरोघर पडलेल्या सीडी, जुन्या नंबरप्लेटचं रेडियम (उजेड पडला की चमकणारी पट्टी), जे मिळेल ते मागं बांधा. वळणावरच्या झाडांना गेरू-चुना मारा. यासाठी ग्रामपंचायतीच्या ठरावाची वाट कशाला बघायची?

उजेडवाला
चुन्याला हरकत नाही, सीडीला आहे. सीडी म्हणजे आरसा. मागच्या गाडीच्या अगदी समोर असेल तरच उजेड परत देणार. सुतळीला लोंबणारी सीडी क्षणभर लकाकते नि गायब. रेडियम पट्टीतले काचमणी किंवा प्रिझम तिरका आलेला उजेडही आला तिकडेच परत पाठवतात. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर तिथंच गेले. थांबायला अजून वीस-पंचवीस. डिपरवर, म्हणजे दिवे खाली केलेले असताना, दिसतं ते जेमतेम हे सगळं मिळून होतं तेवढंच. आणि मागचा रिफ्लेक्टर लाल असतो, पांढरा पुढचा. अंधारात पांढरं चमकलं तर गाडी येतेय की चाललीय, कसं कळणार?

माळकरी_कोपरगाव
अहो, काहीच न दिसण्यापेक्षा चुकीचं दिसलेलं बरं. निदान पाय ब्रेकवर जाईल.

सभासद_नं_गुप्त
तुम्ही दोघंही कारखान्याला मोकळं सोडताय. बऱ्याच ठिकाणी टायरगाडी, म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी, कारखान्याचीच असते, बैल तेवढे तोडणीवाल्याचे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला तर रिफ्लेक्टर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, मग भंगारातनं जुगाड गावानं का करायचा? कारखान्याच्या वजनकाट्यावर नियम लावा : रेडियम नाही तर वजन नाही.

डबल_ट्रॉली
वजन नाही म्हणणं सोपं आहे दादा. ऊस वाळणार शेतकऱ्याचा, रात्र खोळंबणार माझी, मुकादम ओरडणार तो वेगळाच. रेडियम आम्हीही लावतो. फळीवर चिखल नि पाचट बसतं, भरताना उसाची टोकं घासतात, पट्टी टिकत नाही. टिकली तरी भरल्यावर उसाआड जाते. आम्ही काय करतो सांगू? खताच्या जुन्या पोत्यावर लाल पट्टी शिवून घेतो आणि लोंबणाऱ्या उसाच्या टोकाला बांधतो. गाडी खाली करायच्या आधी सोडून घ्यायची, पुढच्या खेपेला तीच. पंक्चर झालं तर तेच पोतं मागं लांबवर ठेवता येतं. नाहीतर लोक झाडाची फांदी ठेवतात आणि चाकाखालचे दगड तसेच रस्त्यात टाकून जातात! त्या दगडांवर दुचाकीवाले आदळतात, त्याबद्दल इथं कुणी बोललंच नाही.

उजेडवाला
पोत्याला माझा पाठिंबा, पट्टी खरी आहे तोवर. नंबरप्लेटवरचं रेडियमही चालेल, पण ते पांढरं किंवा पिवळं असेल तर बैलगाडीच्या पुढच्या बाजूला. आणि आकडे कापून टाका, नाहीतर कुणाच्या तरी नंबरावर भलतीच गाडी फिरायची. सीडीला मात्र नाहीच.

सभासद_नं_गुप्त
पोतं शेतकऱ्याचं, शिलाई ट्रॅक्टरवाल्याची. पट्टी कारखान्यानं द्यावी आणि रेडियम नाही तर वजन नाही, असा अर्ज मी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे देतो. सह्या कोण करतंय?

डबल_ट्रॉली
माझी धरा. पण वजन अडवायचं कलम काढा आधी.

सभासद_नं_गुप्त
ते राहणार.