लॉनवर रुपयाएवढे डाग, तीन औषधं बदलून झाली तरी थांबेना

हिरवळ_गंगापूररोड
नमस्कार मंडळी. आमचं लग्नाचं लॉन्स आहे, एकरभर सिलेक्शन वन गवत. गणपती गेल्यापासून रुपयाच्या नाण्याएवढे वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे डाग पडतायत, आता तर एकमेकांत मिसळून चट्टेच झालेत. पहाटे दव असताना त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसतं, ऊन चढलं की गायब. आधी हेक्झाकोनॅझोल मारलं, पहिल्यांदा एक नंबर रिझल्ट आला, मग कमी कमी होत गेला म्हणून दुकानदाराने प्रोपिकोनॅझोल दिलं, मग टेब्युकोनॅझोल. दर १०-१२ दिवसांनी फवारणी चालूये आणि गवताला नवीन फुटवाही येईना. डोस डबल करू का? डिसेंबरच्या तारखा बुक आहेत हो.

दिंडोरीचा_बागवान
दादा तुम्ही औषधं नाही बदलली, बाटल्या बदलल्या. तिन्ही ट्रायझोल जातीची. फ्रॅक ही संस्था बुरशीनाशकं मारण्याच्या पद्धतीनुसार गटात लावते, तिच्या यादीत ही गट ३. बुरशीला तिन्ही सारखीच. आम्ही भुरी रोगावर हेच करून पोळलोय. ट्रायझोलचा रेझिस्टन्स, म्हणजे बुरशी औषधाला दाद न देणं, हळूहळू येतो, तुम्ही सांगताय तसाच, आधी १५ दिवस टिकायचं ते मग ८ दिवस. गट ११ म्हणजे अ‍ॅझोक्सिस्ट्रॉबिन वगैरे, तिथे बुरशीच्या एका जीनमध्ये एकच बदल झाला की अख्खा गट कामातून जातो, डोस कितीही वाढवा. डबल डोसने फक्त खिसा हलका होणार.

सातपूरकर७७
कार्बेन्डाझिम मारा बिनधास्त, स्वस्तात मस्त

दिंडोरीचा_बागवान
अहो तो गट १, सगळ्यात लवकर फेल जाणाऱ्यांपैकी. आणि एकदा रेझिस्टन्स आला की वर्षानुवर्षं वापर बंद ठेवला तरी जात नाही.

गवत_आणि_माती
वर्णनावरून डॉलर स्पॉट वाटतोय, नाण्याएवढे डाग पाडणारा बुरशीचा रोग. पात्याच्या मधोमध पांढुरका पट्टा आणि वरखाली लालसर तपकिरी कड दिसते का बघा. ओलसर, तेलकट, काळपट पट्टे असते तर पिथियम (बुरशीसारखाच दिसणारा वेगळा जीव) म्हटलं असतं, त्याला ट्रायझोल किंवा कार्बेन्डाझिम मुळात लागूच पडत नाही आणि लोक उगाच रेझिस्टन्स म्हणून बोंब मारतात. अ‍ॅझोक्सिस्ट्रॉबिनचंही तसंच, डॉलर स्पॉटवर ते पहिल्यापासूनच कच्चं आहे.

फुटवा येईना त्याचं कारण बहुतेक हीच औषधं. आंब्याला पॅक्लोब्युट्राझॉल घालतो ना, तेही ट्रायझोलच, वाढ रोखणारं. तसलं औषध दर १० दिवसांनी गवतावर पडलं तर डाग भरून येणार कसे? गट ३ ला या सीझनला पूर्ण सुट्टी द्या. स्पर्शजन्य, म्हणजे पात्याच्या वरच राहून काम करणारं, क्लोरोथॅलोनिल घ्या, ते बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं म्हणून रेझिस्टन्सची भीती कमी. पुढे गरज पडली तर गट ७ मधलं बॉस्कॅलिड, तेही स्पर्शजन्याच्या जोडीने, एकटं नको.

आणि फवारताना दोन-तीन ठिकाणी पुठ्ठा टाकून ठेवा. आठवड्याने पुठ्ठ्याखालचं आणि बाकीचं सारखंच दिसलं तर समजायचं औषध चालत नाहीये.

बाय द वे युरिया कधी दिलात? पाणी कधी देता?

हिरवळ_गंगापूररोड
युरिया जूननंतर नाही, कापायचं काम वाढतं म्हणून माळीकाका देत नाहीत. पाणी रात्री आठला, दिवसा मंडपवाले असतात.

गवत_आणि_माती
मग निम्मं उत्तर तिथेच आहे. उपाशी गवतावर हा रोग जास्त येतो, थोडा थोडा नत्र द्या. पाणी पहाटे द्या, रात्रभर पातं ओलं राहिलं की बुरशीची दिवाळी. सकाळी लांब दोरी दोघांनी धरून लॉनवरून ओढा, दव खाली पडतं, फुकटचं काम आहे. मशीनचं पातं धार लावून घ्या, कापलेलं गवत उचला.

हिरवळ_गंगापूररोड
पात्यावर लाल कड आहे, आत्ताच बॅटरी लावून बघितली. फक्त एक शंका, त्या क्लोरोथॅलोनिलचे पांढरे डाग नवरीच्या शालूला लागले तर माझं काय होईल

दिंडोरीचा_बागवान
😂 लग्न झालं की दुसऱ्या दिवशी आधी कापणी, मग फवारणी, म्हणजे पुढच्या तारखेपर्यंत मधे दिवस मिळतात. उलटं केलंत तर औषध कापलेल्या गवताबरोबर कचऱ्यात जाईल. आणि ओलं असेपर्यंत पोरांना लॉनवर सोडू नका.