दुकानाचं घड्याळही बघा

मिस्टरी शॉपिंग, म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून गुपचूप दुकानाची सेवा तपासायची आणि नंतर रिपोर्ट द्यायचा. यात फुकटात खरेदी आणि वर मानधन मिळतं, असं कोणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं आहे. पैसे आधी आपल्याच खिशातून जातात आणि रिपोर्ट पास झाला तरच परत येतात. मी वाशीत चपलांच्या दुकानाची व्हिजिट केली. सेल्समनचं नाव, किती मिनिटांनी कोणी विचारलं, सगळं घोकत ठाण्याची ट्रान्सहार्बर लोकल पकडली (दुकानात लिहायची सोय नसते ना!). रिपोर्ट नापास! दुकानाचं बिलिंग मशीन वीस मिनिटं मागे होतं, त्यामुळे बिलावरची वेळ फॉर्मशी जुळेना. चपला मात्र चावतात.

तेव्हापासून बिल हातात पडताच वेळ तपासते, दुकानाबाहेर पडल्यावर लगेच फोटो काढते. थर्मल कागदावरची अक्षरं नाहीतरी उडतातच.