१४/५० लिहिलेला ऍक्वाटिंट: मूळ मुद्राचित्र की पोस्टर?

प्रश्न (भुसावळ):
मामांच्या मुंबईच्या घरातून एक अमूर्त चित्र आमच्याकडे आलंय. सगळं काळं-करडं, एका कोपऱ्यात गेरूचा पट्टा. खाली पेन्सिलीने १४/५० आणि एक न लागणारी सही. मामा ऍक्वाटिंट म्हणायचे, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं मुद्राचित्र. इथला फ्रेमवाला म्हणतो पोस्टर आहे, कडा कापून लॅमिनेट करून देतो. माझा जीव होत नाही. काय करू?

उत्तर (धुळे):
ताई, कडा अजिबात कापू देऊ नका! आकडा आणि सही तिथेच आहे. मी चित्रकलेचा शिक्षक होतो, मुद्राचित्रण शिकलोय, म्हणून कळकळीने सांगतो.

कपाशीवरची कीड बघायचं भिंग घ्या. पोस्टर असेल तर ठरावीक रांगांत रंगीत ठिपके दिसतील. ऍक्वाटिंटला रांग नसते. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून खालून तापवतात, कण पत्र्याला धरतात. मग आम्ल कणांच्या मधली जागा खातं आणि त्या खाचांत शाई थांबते. म्हणून काळ्यात वेडीवाकडी जाळी दिसते, मध्ये बारके पांढरे कण. पत्रा आम्लात जितका जास्त वेळ, तितका रंग गडद. फिकं ठेवायचं ते आधीच वार्निशने झाकतात. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ च्या ८० चित्रांच्या मालिकेतला अंधार याच राळेतून आलाय. असा काळा ब्रशने येत नाही.

कागद खिडकीशी तिरका धरा. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उठलेला दिसेल. पण तो खोटाही उठवता येतो, तेव्हा भरवसा जाळीवरच ठेवा.

उत्तर (जळगाव):
सर, ५० पैकी १४ वा, म्हणजे आधीचा. मग जास्त मोलाचा ना?

उत्तर (धुळे):
भाऊ, छापता छापता राळेने उठवलेले दाणे झिजतात, काळा फिका पडत जातो, हे खरं. म्हणून तर आवृत्ती लहान ठेवतात, म्हणजे मोजक्याच प्रती छापतात, किंवा तांब्यावर पोलादाचा पातळ थर चढवतात. पण आकडे बऱ्याचदा सगळे कागद वाळल्यावर, सही करताना टाकतात. छापण्याचा क्रम तोच असेल असं नाही. आकडा सोडा, काळा किती खोल आहे ते बघा.

प्रश्न (भुसावळ):
पाहिलं सर! जाळी वेडीवाकडीच आहे, गेरूतसुद्धा. आता फ्रेम कशी करू?

उत्तर (धुळे):
वा! आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) मागा, नाशिक-पुण्याहून मागवावा लागला तरी चालेल. काच कागदाला टेकता कामा नये, सेलोटेप तर नकोच. भुसावळच्या उन्हात पश्चिमेची भिंत टाळा, आणि पावसाळ्यात ओल येणारीही. माउंट येईपर्यंत सपाट ठेवा, गुंडाळू नका. आणि सहीचा जवळून फोटो टाका, कोणाला तरी ओळखू येईल.