मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलाचा झोपेतला ईईजी

मुलगा ६ वर्षांचा, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. मधूनच काही सेकंद एकटक बघत राहतो. हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नाही. फिट असू शकते म्हणून डॉक्टरांनी झोपेतला ईईजी (डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) सांगितलाय. एमआरआय नॉर्मल आलाय, पण त्यात मेंदूची रचना दिसते, विद्युत लहरी नाहीत.

दोनदा प्रयत्न फसला. रात्री जागवून नेलं, ईईजीत डोक्यावर टोपी घालतात म्हणून घरी टोपी घालायचा सराव केला. टोपी आता चालते, पण इलेक्ट्रोडसाठीची चिकट पेस्ट लागली की किंचाळतो, इलेक्ट्रोड ओढून काढतो. भूल शक्यतो नको आहे, बेंझोडायझेपिन गटातल्या गुंगीच्या औषधांनी तर लहरीच बदलतात. डॉक्टरांनी मेलाटोनिन (झोप यायला मदत करणारं हार्मोन) सुचवलंय. ते देऊन, गाढ झोपल्यावर इलेक्ट्रोड लावून कुणाच्या मुलाचा ईईजी नीट झालाय का? आणि पेस्टची सवय कशी लावलीत?