प्रति: कवळीची मागची कडा घासून घ्या
वरच्या कवळीने मळमळ होत असेल तर तिची मागची कडा थोडी घासून घेतली की ती थांबते असं आधीच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते सरसकट पटत नाही. कडा खरंच फार मागे गेली असेल तर ठीक, पण बऱ्याचदा मळमळ होते ती कवळी सैल असल्यामुळे, बोलताना ती मागून खाली येते आणि जिभेला घासत राहते. वरची कवळी टिकते ती लाळेच्या पातळ थरावर आणि कडेने हवा आत न शिरल्यामुळे, आणि मागच्या बाजूला हवा अडवायचं काम पोस्टेरिअर पॅलेटल सीलचं, म्हणजे 'आ' म्हटल्यावर टाळू जिथून हलायला लागतो तिथे दिलेला बारीक उंचवटा, जो मऊ भागात हलकेच रुततो.

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, अ‍ॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) तयार होताना आकसतं आणि टाळूच्या मागच्या मध्यभागी कवळी जराशी उचलली जाते, ती फट हाच उंचवटा भरून काढतो. तोच घासून टाकला तर राहिलं काय? मी तरी आधी पुढचे दात बोटाने बाहेरच्या दिशेला दाबून बघते, मागून कवळी पटकन सुटली तर तिथे घासायचं नाही, उलट भर घालायची.