इंग्लंडमध्ये स्मिथ पैशाला पासरी, मग फार्मर का नाहीत?

रविवार_सकाळ:
क्रिकेट बघता बघता पडलेला प्रश्न आहे. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर शिंपी, कुक आचारी, बुचर खाटीक, आपला कोच होता तो डंकन फ्लेचर म्हणजे बाण बनवणारा, इथवर ठीक. पण मध्ययुगात तिकडचे बहुतेक लोक शेतीच करत असणार ना? मग फार्मर आडनाव ढिगाने असायला हवं, ते तर क्वचित दिसतं आणि स्मिथ मात्र एक नंबरवर. खरंच एवढे लोहार होते का? आणि पोरगा दुसऱ्या धंद्यात गेला की आडनाव बदलायचं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

जुनी_दफ्तरं:
लोहार जास्त नव्हते, गावात एखादाच असायचा, आणि स्मिथ जास्त असण्याचं कारण तेच आहे. आडनाव कोणी हौसेने घेत नव्हतं, शेजारीपाजारी नाहीतर कर लिहून घेणारा कारकून लावायचा, कारण १०६६ला फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे सगळीकडे विल्यम, रॉबर्ट, जॉन अशी मोजकीच नावं ठेवायला लागले, एका गावात चार-पाच जॉन, मग कुठला जॉन हे कळणार कसं? जिथे सगळेच शेत कसतात तिथे शेतकरी जॉन म्हणून काही उपयोग नाही. अशांना बापाच्या नावावरून जॉन्सन, रॉबिन्सन नाहीतर घराच्या जागेवरून हिल, वुड असं काहीतरी मिळालं. लोहार जॉन म्हटलं की मात्र प्रश्नच मिटला. नांगराचा फाळ, घोड्याचे नाल, यासाठी लोहार सगळीकडेच लागायचा, म्हणून गावोगाव वेगवेगळे स्मिथ तयार झाले ज्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

दुसरं म्हणजे फार्मर शब्दाचा तेव्हाचा अर्थच वेगळा होता. ठरलेली रक्कम भरून जमीन किंवा कराची वसुली मक्त्याने घेणारा तो फार्मर, आपल्याकडच्या इजारदारासारखा. असे लोक थोडेच असणार.

बदलायचं का, तर हो, सुरुवातीला बदलायचं. बापाचं एक, पोराचं दुसरं. जमीनदारांची आडनावं आधी पक्की झाली, साध्या लोकांची तेराव्या-चौदाव्या शतकात, आणि १४००च्या आसपास बहुतेकांची कायम झाली. कवी जेफ्री चॉसर बघा, आडनाव चप्पल-मोजे बनवणाऱ्याचं आणि बाप लंडनमध्ये वाइनचा व्यापारी. म्हणजे त्या काळीच धंदा सुटला होता आणि नाव राहिलं होतं. डोईपट्टीच्या करासाठी १३७७, १३७९ आणि १३८१ला लोकांच्या याद्या झाल्या, काही ठिकाणी नावापुढे धंदाही लिहिलाय, त्यात हे सगळं बदलताना दिसतं. त्याच करावरून १३८१ला बंड झालं त्याचा पुढारी वॉट टायलर, टायलर म्हणजे कौलं घालणारा.

लीड्सकर:
वरचा प्रतिसाद एकदम मस्त. माझ्या सगळ्यात आवडीची वॉकर, फुलर आणि टकर ही तिघं. तिन्ही एकाच कामाची आडनावं आहेत हे कोणाला सांगितलं तर पटत नाही! लोकरीचं कापड मागावरून उतरलं की तेलकट आणि विरळ असायचं, मग ते पाण्यात, शिळ्या मुतात आणि एका विशिष्ट मातीत घालून तासन् तास तुडवायचे, म्हणजे मळ निघतो आणि वीण घट्ट बसते. ती माती म्हणजे आपली मुलतानी माती, इंग्रजीत आजही तिला फुलर्स अर्थ म्हणतात. पायाने तुडवायचे म्हणून उत्तरेत वॉकर, आग्नेयेकडे फुलर, नैऋत्येला डेव्हन वगैरे भागात टकर. बाराव्या शतकापासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करायला लागले तरी नावं तीच राहिली. इकडे यॉर्कशायरमध्ये वॉकर खूप भेटतात, हा सगळा लोकरीचाच मुलूख. विणकराचीही तशीच, वेब, वेबर, वीव्हर, वेबस्टर सगळे विणकरच.

फक्त वेस्ट इंडीजच्या खेळाडूंची आडनावं या हिशोबाने लावू नका. तिथे गुलाम म्हणून नेलेल्या लोकांना बऱ्याचदा मालकांची आडनावं मिळाली, त्यांच्या पूर्वजांच्या कामाशी त्याचा काही संबंध नाही.

सायंतारा:
बायकांचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. बॅक्स्टर, ब्रूस्टर, वेबस्टर यातलं शेवटचं स्टर हे मुळात स्त्रीसाठी लावायचे. बॅक्स्टर पाव भाजणारी, ब्रूस्टर बिअर बनवणारी. बिअर तेव्हा घरोघरी बायकाच बनवून विकायच्या, गावच्या दंडाच्या नोंदींत त्यांची नावं सापडतात. नंतर पुरुषांनाही, विशेषतः उत्तरेत, तेच लावायला लागले. आडनाव पुढे बापाकडून चालत गेलं तरी त्यात बायकांच्या कामाची खूण टिकली हे मला फार मोलाचं वाटतं.

रविवार_सकाळ:
सगळ्यांचे खूप आभार, हे कुठे एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. आता अजून एक, किंग आणि बिशप आडनावाचे लोक कोण मग? आणि मार्शल, स्टुअर्ट?

जुनी_दफ्तरं:
किंग, बिशप, पोप ही बहुतेक टोपणनावं. कोणी जत्रेतल्या नाटकात राजा झालेला, कोणी बिशपच्या वाड्यावर चाकरीला, कोणाचा नुसता रुबाब तसा. मार्शल म्हणजे मूळचा घोड्यांची निगा राखणारा नोकर, पण राजाच्या पागेचा मार्शल म्हणजे मोठं पद, त्यामुळे या आडनावात साधे नालबंदही येतात आणि १२१९ला वारलेला पेम्ब्रोकचा अर्ल विल्यम मार्शलही येतो. स्टुअर्ट म्हणजे स्ट्यूअर्ड, घरचा कारभारी. बाराव्या शतकात वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन स्कॉटलंडच्या राजाचा कारभारी झाला, पद वंशपरंपरेने चालू राहिलं आणि तेच आडनाव झालं. पुढे त्याच घरातल्या एकाचं लग्न स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या मुलीशी झालं, त्यांचा मुलगा १३७१ला दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला, आणि १६०३ला याच घराण्याकडे इंग्लंडचीही गादी आली.