गिनी पिगची मान वाकडी झालीये, कानाचं इन्फेक्शन सांगितलंय, हे सिरप देऊ का नको?

कोथिंबीरजुडी:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या. आमच्याकडे दोन गिनी पिग आहेत, गुलाल आणि बुक्का, भाऊ भाऊ, तीनेक वर्षांचे. तसे लेकीचे आहेत पण ती पाचवीत, त्यामुळे करायचं सगळं मलाच. परवा सकाळी बुक्का कोपऱ्यात मान डावीकडे टाकून बसलेला, मला वाटलं पेंगतोय. एरवी भाजीच्या पिशवीचा आवाज आला की कुईकुई करून बिल्डिंग डोक्यावर घेतो, यावेळी उठला आणि स्वतःभोवतीच दोन गिरक्या मारून धपकन आडवा झाला. डोळे पण इकडून तिकडे भराभर हलत होते, बघून पोटात गोळाच आला. सासूबाई म्हणाल्या अर्धांगवायू.

जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, ते कुत्र्यामांजरांचे आहेत, त्यांनी बिचाऱ्यांनी आधीच सांगितलं की हे प्राणी माझ्याकडे फारसे येत नाहीत. कानात बॅटरी मारून बघितलं, म्हणाले बाहेरून कान स्वच्छ आहे पण आतल्या कानाचं इन्फेक्शन वाटतंय, आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं, लहान मुलांना देतात तेच. बाटली आणलीये पण सील तोडलेलं नाही, कारण कुठेतरी वाचलेलं आठवतंय की गिनी पिगला काही अँटिबायोटिक चालत नाहीत. आज रविवार, क्लिनिक बंद. कालपासून खाणं पण कमी झालंय, गवत तोंडात धरतो आणि सोडून देतो. आई फोनवर म्हणतेय लसणीचं कोमट तेल दोन थेंब कानात सोड. काय करू?

हरळीवाला:
ताई सिरप देऊ नका. सील तोडलं नाहीत ते फार बरं केलंत. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिनच्या घरातलं काहीही गिनी पिगला तोंडावाटे द्यायचं नसतं, क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिन पण नाही. त्यांचं पचन आतड्यातल्या चांगल्या जंतूंच्या जिवावर चालतं, ही औषधं तेच जंतू मारतात, मग क्लॉस्ट्रिडियम नावाचा वाईट जंतू माजतो आणि त्याच्या विषाने जुलाब होऊन काही दिवसांत खेळ खलास. मी हे पुस्तकात वाचून नाही सांगत, आमची पहिली गिनी पिग अशीच गेली, कान बरा व्हायच्या आधी पोट गेलं. तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं.

तेलही नको. आतून पडदा फाटलेला असेल तर तेल थेट आत जाणार. आणि मुळात मधल्या-आतल्या कानाचं इन्फेक्शन वरून थेंब सोडून पोचतच नाही, पोटातूनच औषध लागतं.

उद्या सकाळी एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्यामांजरांपलीकडचे पाळीव प्राणी बघणारा व्हेट शोधा, फोनवर सरळ विचारा की गिनी पिग बघता का, किती बघितलेत. पण आज रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे खाणं. पोट १२ तास रिकामं राहिलं तरी यांची आतडी मंदावतात. कान नंतर, पोट आधी.

मोरावळा:
आमच्याकडे सशाला असं झालं होतं तेव्हा दही चाटवलेलं, अँटिबायोटिक चालू असताना दही चांगलं असतं असं ऐकलंय. बाकी मान वाकडी म्हणजे गोचीड किंवा माइट्स असतील कानात, एक इंजेक्शन दिलं की जातात.

पिंपळपार:
@मोरावळा दही नको हो. पूर्ण गवतावर जगणारा प्राणी, त्याला दूधदुभतं कशाला. माइट्सचं म्हणाल तर गिनी पिगला जे माइट्स होतात ते बहुतेक अंगाला, खाजवून खाजवून केस जातात. इथे तोल गेलाय आणि डोळे हलतायत, ते आतल्या कानाचं लक्षण, कारण तोल सांभाळायची यंत्रणा तिथेच बसलेली असते.

मी व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर नाही, त्यामुळे डोस विचारू नका, तो वजन बघून तुमचे व्हेट ठरवतील. साधारणपणे एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा वापरतात, सोबत दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम. कवटीचा एक्स-रे काढला तर कानामागच्या हाडाच्या पोकळीत पू आहे का याचा अंदाज येतो, सीटी स्कॅनमध्ये जास्त नीट दिसतं पण ते सगळीकडे नसतं. आणि कोर्स लांब असतो, तीन-चार आठवडे तर धरूनच चाला, कधी दीड-दोन महिने. आठव्या दिवशी बरा दिसला म्हणून बंद केलंत तर ते परत येतं.

एक विचारायचं होतं, महिन्याभरात शिंकत होता का? आणि घरात कुत्रा किंवा ससा आहे का? बरेचदा हे नाकातून सुरू होतं आणि घसा-कान जोडणाऱ्या नळीतून वर चढतं. बोर्डेटेला नावाचा जंतू कुत्र्यासशांत बऱ्याचदा नुसता असतो, त्यांना काही होत नाही किंवा थोडा खोकला येतो, गिनी पिगला मात्र तो जड जातो.

कोथिंबीरजुडी:
अरे देवा. शिंकत होता, दोन-तीन आठवड्यांपूर्वी, मी म्हटलं पावसाळी हवा आहे, गवताला पण दमट वास येत होता. आणि दिरांचा लॅब्रॅडॉर आठवडाभर आमच्याकडे होता, तो खोकत होता!! पिंजऱ्याला नाक लावून बसायचा दिवसभर, आम्ही फोटो काढत होतो कौतुकाने.

तेल कॅन्सल, सिरप कपाटात वर ठेवलं. आईला सांगितलं तर म्हणाली तुमचे इंटरनेटचे डॉक्टर. पण भरवायचं कसं ते सांगा ना, तोंड फिरवतोय.

हरळीवाला:
पेलेट्स, म्हणजे त्यांच्या सुक्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवा, दहा मिनिटांत फुलतात, मग मिक्सरमधून अगदी पातळ पिठल्यासारखं करा. क्रिटिकल केअर नावाची पावडर मिळते ती जास्त बरी पण ती ऑनलाइन मागवून येईपर्यंत थांबायचं नाही. एक मिलीची सिरिंज, सुई काढून अर्थातच, टोक थोडं कापून घासून घ्या म्हणजे तुंबत नाही. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं टॉवेलात गुंडाळून मांडीवर, पोट खाली. उताणा अजिबात करू नका. मान वाकडी असेल तशीच असू दे, सरळ करायला जाऊ नका, त्याला तेच सरळ वाटतंय. सिरिंज समोरून नाही, गालाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे मोकळी जागा असते तिथे. थोडंसं सोडा, चावू द्या, गिळलं की पुढचं. घाई केली की फुफ्फुसात जातं. काहीच खात नसेल तर ९०० ग्रॅमच्या जनावराला दिवसाला ५०-६० मिली तरी गेलं पाहिजे, पाच-सहा वेळा मिळून, रात्रीचं एकदा धरून. पहिल्या दिवशी अर्धं तुमच्या अंगावर जाईल, जुना गाउन घाला.

किचनचा वजनकाटा आहे ना? रोज सकाळी त्याच वेळेला वजन करा आणि लिहून ठेवा. डोळ्याला केसांमुळे कळत नाही, काट्याला कळतं.

पिंपळपार:
+१ वजनाला. आणि व्हिटॅमिन सी विसरू नका. आपल्यासारखंच यांच्या शरीरात ते तयार होत नाही, आजारपणात गरज वाढते, किलोमागे ३० ते ५० मिलिग्रॅम रोज. पाण्याच्या बाटलीत टाकू नका, उतरून जातं, शिवाय चव बदलली की पाणी पिणं सोडतात. शिमला मिरची (लाल असेल तर उत्तम), थोडी कोथिंबीर, पेरूची लहान फोड. ड्रॉप्स द्यायचे असतील तर व्हेटना विचारून.

मुंबईचं कुणी वाचत असेल तर परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे आणि तिथेच व्हेटर्नरी कॉलेज पण, मात्र जायच्या आधी फोन करून गिनी पिग बघणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का ते विचारा.

कोथिंबीरजुडी:
अपडेट. सोमवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर सापडल्या, रिक्षात मांडीवर टोपली, वर टॉवेल, रिक्षावाला विचारतो ससा का, मी म्हटलं हो. दोन्ही बाजूंचा एक्स-रे काढला, डावीकडच्या पोकळीत पू दिसतोय म्हणाल्या. एन्रोफ्लॉक्सासिन दोनदा, मेलॉक्सिकॅम एकदा, चार आठवड्यांनी परत दाखवायचं. एन्रो इतकं कडू आहे की सिरिंज बघूनच दात आवळतो, शेवटी औषधानंतर लगेच मिरचीचा तुकडा असं ठरवलंय, सध्या जमतंय. त्या सिरपचं सांगितलं तर त्या नुसत्या "दिलं नाहीत ना?" एवढंच म्हणाल्या.

वजन ९४० होतं मेमध्ये, आता ८६२. पिंजऱ्यातला जिना काढला, खाली फ्लीसचं मऊ कापड आणि कडेने टॉवेलचे लोड, म्हणजे पडला तरी मऊ पडतो. बाटलीपर्यंत तोंड पोचत नाही म्हणून बसकी वाटी ठेवली. गुलालला वेगळं करू का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या आजार लागायचा असता तर एव्हाना लागला असता, सोबत राहू दे, एकटा पडला तर हा खाणं अजून सोडेल. गुलाल त्याला चिकटून बसतो, वाकड्या बाजूने, जणू उशी.

रात्री दोनचा अलार्म लावते. नवरा म्हणतो मुलगी झाली तेव्हा पण तू एवढी उठत नव्हतीस. (खोटं आहे.)

मोरावळा:
दह्याबद्दल माफ करा, कळलं. सशाला पण चुकीचंच केलं होतं म्हणजे. पण मग अँटिबायोटिकमध्ये पोट सांभाळायला काय देतात?

पिंपळपार:
व्हेट प्राण्यांचं प्रोबायोटिक देतात, अँटिबायोटिकनंतर दीड-दोन तासांनी. आणि ऐकायला घाण वाटेल पण जुना उपाय आहे, निरोगी जोडीदाराच्या ताज्या लेंड्या पाण्यात विरघळवून गाळून ते पाणी थोडं द्यायचं, त्यात त्यांचेच चांगले जंतू असतात. गुलाल आहेच घरात. पण त्या डॉक्टरांना आधी विचारा.

कोथिंबीरजुडी:
विचारलं, द्या म्हणाल्या. लेकीला सांगितलेलं नाही.

कोथिंबीरजुडी:
बऱ्याच दिवसांनी लिहितेय, सात आठवडे झाले. कोर्स दोनदा वाढवला, मागच्या गुरुवारी बंद झाला. डोळे हलायचे पाचव्या-सहाव्या दिवशीच थांबले, गिरक्या तिसऱ्या आठवड्यात. मान अजून वाकडी आहे, आधीच्या मानाने निम्मी, डॉक्टर म्हणाल्या एवढी कदाचित राहील कायमची, त्याला काही अडत नाही. मध्ये एकदा ८३१ पर्यंत गेला होता तेव्हा मी संपलेच होते, मग हळूहळू चढला, आज ९५१. वहीत सगळं लिहिलंय रोजचं.

@हरळीवाला तुमच्या नावावरून आठवलं, काल गणपतीसाठी दूर्वा निवडायला बसले होते, एकवीसच्या जुड्या. पिशवी वाजली आणि आतून तीच जुनी कुईकुई, बघते तर बुक्का वाकड्या मानेने जाळीला लटकलाय. धुऊन दोन जुड्या दिल्या, त्याने एक आणि गुलालची पण अर्धी ओढून खाल्ली. सासूबाई म्हणाल्या अगं देवाच्या आहेत, आणि स्वतःच तिसरी दिली.

हरळीवाला:
बाजारच्या दूर्वा तीन पाण्यांनी धुवा, फवारलेल्या असू शकतात. ९५१ वाचून बरं वाटलं.